ड्रोन बॅगेत भरण्याआधी

नांदेड-लातूरकडे ड्रोनचं नवल आता कुणाला वाटत नाही. वरातीवर तो घिरट्या घालतो, फवारणीसाठी शेतात येतो, वाढदिवसाच्या व्हिडिओतही दिसतो. त्यामुळे परदेशी निघताना कॅमेऱ्याशेजारी ड्रोनही बॅगेत टाकावा, असं वाटणं साहजिक आहे. इथले लग्नाचे शूटिंग करणारे तरुण प्री-वेडिंगसाठी बालीला, फुकेतला, दुबईला जाऊ लागले आहेत. वैद्यकीय शिक्षणासाठी आपली मुलं रशियात आणि उझबेकिस्तानात राहतात. पशुपतिनाथ-मुक्तिनाथची यात्रा आहे, लुंबिनीची आहे, उमराहची आहे. या सगळ्यांना मला एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ‘तिथे कुठे उडवता येईल?’ हा प्रश्न नंतरचा. आधी विचारा, तो त्या देशात नेता येईल का, आणि नेला तर परत आणता येईल का. ड्रोन उडवून सापडणाऱ्यांपेक्षा तो नुसता बॅगेत असल्यामुळे अडकणाऱ्यांची काळजी मला जास्त वाटते, कारण त्यांना आपण काही चूक केली आहे हेच माहीत नसतं.

कायदा किती कडक असू शकतो, याचं एक उदाहरण शेजारच्या म्यानमारचं आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये तुर्की सरकारी वाहिनीचे दोन परदेशी पत्रकार, त्यांचा दुभाषी आणि गाडीचा चालक असे चौघे राजधानी नेपिडोमध्ये संसद भवनाजवळ ड्रोन उडवताना पकडले गेले. चौघांनाही दोन महिन्यांचा तुरुंगवास झाला. शिक्षा सुनावली गेली ती १९३४ च्या विमान कायद्याखाली. ड्रोन जन्मालाही आले नव्हते, तेव्हाचा हा कायदा. तो झाला तेव्हा ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. आपल्याकडचे ड्रोन नियम, २०२१ देखील १९३४ च्या विमान कायद्याच्याच आधारावर काढले गेले. तो जुना कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला १ जानेवारी २०२५ ला. एकाच मुळातून निघालेल्या दोन देशांत आज इतका फरक आहे: आपल्याकडे ड्रोन नियमांच्या उल्लंघनाला कमाल एक लाख रुपये दंड, आणि तिकडे थेट कोठडी. तिथल्या चालकाला आणि दुभाष्यालाही शिक्षा झाली, हे विशेष लक्षात ठेवा. तुमच्या हौसेची किंमत तुमच्या टॅक्सीवाल्यालाही मोजावी लागू शकते.

इराणमध्ये २०१९ साली प्रवासाचे व्हिडिओ करणारं एक ऑस्ट्रेलियन जोडपं तेहरानजवळ ड्रोन उडवल्यामुळे पकडलं गेलं आणि सुटायला सुमारे तीन महिने लागले. हेरगिरीचा संशय हा अशा प्रकरणांचा गाभा असतो. लोक इतके का बिथरतात, हे मराठवाड्याला समजावून सांगायची गरज नाही. २०२४ च्या पावसाळ्यात बीड-जालन्याकडच्या गावांवर रात्री ड्रोन दिसू लागले, तेव्हा माणसं काठ्या घेऊन जागली होती. परक्या देशातल्या गावकऱ्याला आणि पोलिसालाही तुमचा ड्रोन तसाच दिसतो.

काही देशांसाठी माझा सल्ला एका वाक्याचा आहे: ड्रोन घरी ठेवा. इजिप्तमध्ये २०१७ च्या कायद्यानुसार संरक्षण मंत्रालयाच्या परवानगीशिवाय ड्रोन आणणं, बाळगणं आणि उडवणं गुन्हा आहे. त्याला एक ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. पिरॅमिड पाहायला जाणाऱ्या सहलीतल्या कुणाच्या बॅगेत तो निघाला, तर सहल संचालकाची ओळख कामी येणार नाही. मोरोक्कोत परवानगी नसलेला ड्रोन विमानतळावरच ठेवून घेतात. भूतानमध्ये पर्यटकांना ड्रोन उडवायला मनाई आहे. उझबेकिस्तानात परवान्याविना ड्रोन देशात आणणं हीच फौजदारी बाब होते. म्हणून ताश्कंद-समरकंदला शिकणाऱ्या मुलांनी, आणि त्यांना भेटायला जाणाऱ्या आईवडिलांनी, हा विषय मनातून काढून टाकावा. रशियात १५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनची नोंदणी सक्तीची आहेच. शिवाय २०२२ पासून, युद्धामुळे, तिथल्या अनेक प्रांतांनी उड्डाणावर बंदी घातली आहे. हॉस्टेलच्या गच्चीवरून केलेला एक व्हिडिओ मुलाच्या सगळ्या शिक्षणावर पाणी फिरवू शकतो.

सौदी अरबस्तानात तिथल्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचा परवाना हातात नसेल तर ड्रोन प्रवेशद्वारातच जप्त होतो. मक्का-मदिनेचं वरून चित्रण करण्याचा विचार हज-उमराहला जाणाऱ्या कुणीही करू नये.

दुबईविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण तिकडे आपली माणसं जास्त जातात. १७ जानेवारी २०२२ रोजी अबूधाबीवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा हल्ला झाला. त्यात तीन कामगार ठार झाले, त्यातले दोन भारतीय होते. त्यानंतर काही दिवसांतच संयुक्त अरब अमिरातीने हौशी ड्रोनवर सरसकट बंदी आणली. ती बंदी २०२४ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने सैल होते आहे, पण ती सवलत नोंदणी केलेल्यांना, परवानगी घेतलेल्यांना, ठरवून दिलेल्या जागांपुरती आहे. चार दिवसांच्या व्हिसावर गेलेल्या पाहुण्यासाठी बंदी उठली, असा तिचा अर्थ नाही. तिथे एखाद्या व्यक्तीचं, विशेषतः स्त्रीचं, तिच्या परवानगीशिवाय चित्रण करणं हाही वेगळा गुन्हा आहे. समुद्रकिनाऱ्यावर उडवलेला ड्रोन हे दोन्ही गुन्हे एकदमच करू शकतो.

नेपाळ म्हणजे घरचंच, पासपोर्टही लागत नाही. म्हणून यात्रेच्या बसमध्ये ड्रोन नेला तर काय बिघडलं, असा समज आहे. बिघडतं. पशुपतिनाथाचं मंदिर काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळाला जवळजवळ चिकटून आहे. तिथे वर जाणारी प्रत्येक वस्तू उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत येते. मुक्तिनाथ अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येतं, आणि अशा संरक्षित क्षेत्रांत नागरी विमान प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय त्या क्षेत्राच्या व्यवस्थापनाचीही वेगळी परवानगी लागते. लुंबिनी जागतिक वारसास्थळ आहे. यात्रेकरूला तीन दिवसांत हे कागद मिळणं अवघड आहे. श्रीलंकेतही नोंदणीबरोबर संरक्षण मंत्रालयाची मान्यता लागते, मालदीवमध्येही परवानगीशिवाय काही होत नाही.

आता वजनाकडे येऊ. ‘माझा ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला आहे, त्याला काही लागत नाही’ हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक व्हिडिओग्राफरच्या तोंडी असतं. आपल्या नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ ठरतो, आणि त्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, हे खरं आहे. पण परदेशात हा आकडा ठिकठिकाणी बदलतो. जपानमध्ये २० जून २०२२ पासून १०० ग्रॅमच्या पुढच्या प्रत्येक ड्रोनची नोंदणी सक्तीची आहे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२६ पासून १०० ग्रॅमच्या वरचा ड्रोन उडवायला परीक्षा देऊन ‘फ्लायर आयडी’ घ्यावा लागतो, आणि त्याला कॅमेरा असेल तर ‘ऑपरेटर आयडी’ही. युरोपीय संघात मर्यादा २५० ग्रॅमची आहे, पण खेळणं नसलेल्या आणि कॅमेरा असलेल्या ड्रोनच्या मालकाला वजन कितीही कमी असलं तरी नोंदणी करावी लागते. म्हणजे आपण ज्याला ‘काही लागत नाही’ म्हणतो, त्याच ड्रोनसाठी टोकियोत, लंडनमध्ये आणि पॅरिसमध्ये नोंदणी लागते.

शिवाय वजन म्हणजे खोक्यावर छापलेलं वजन नव्हे. जमिनीवरून उठतानाचं वजन. २४९ ग्रॅमच्या मिनी ड्रोनला पंख्यांभोवतीची जाळी लावली की तो २५० च्या पुढे जातो. जास्त वेळ उडावा म्हणून मिळणारी ‘प्लस’ बॅटरी घातली तरी तेच. मी म्हणेन, निघण्याआधी ओळखीच्या सराफाकडे जा, त्याच्या काट्यावर ड्रोन ठेवा. बॅटरी, मेमरी कार्ड, लेन्सवरचा फिल्टर, जाळी, जे काही लावून उडवणार ते सगळं लावून. काट्याचा आकडा दिसेल असा फोटो काढून ठेवा. उद्या एखाद्या अधिकाऱ्याने विचारलं, तर तोंडी दाव्यापेक्षा तो फोटो बरा.

युरोपचे नियम मात्र समजून घ्यावेत असे आहेत, कारण ते नीट लिहिलेले आहेत आणि पाळणाऱ्याला वाट देतात. ३१ डिसेंबर २०२० पासून सगळ्या सदस्य देशांत एकच चौकट आहे; स्वित्झर्लंडने ती १ जानेवारी २०२३ पासून स्वीकारली. भारतातून जाणाऱ्याने ज्या देशात पहिल्यांदा उडवायचं आहे, त्या देशात एकदा नोंदणी करायची. मिळालेला क्रमांक ड्रोनवर चिकटवायचा. तोच क्रमांक पुढच्या देशांत चालतो. दोन देशांत दोनदा नोंदणी करू नये. २५० ग्रॅम किंवा त्याहून जड ड्रोनसाठी ऑनलाइन प्रशिक्षण आणि परीक्षा आहे. तुमचं भारतीय प्रमाणपत्र तिथे चालत नाही. उंची १२० मीटरपर्यंत, ड्रोन सतत डोळ्यांना दिसला पाहिजे, माणसांच्या जमावावरून तो जाता कामा नये. जर्मनीत विमा सक्तीचा आहे. विम्याचा कागद बरोबर ठेवा. आणि पॅरिस शहरावर खास परवानगीशिवाय उड्डाणच नाही. आयफेल टॉवरचं वरून चित्र घ्यायचं स्वप्न सहलीच्या यादीतून काढावं हे बरं. ही नोंदणी घरूनच, निघण्याच्या काही आठवडे आधी करायची असते. हॉटेलच्या वाय-फायवर, सकाळची बस सुटायच्या आधी ती पुरी होत नाही.

ब्रिटनची परीक्षा मोफत आहे आणि ऑनलाइन आहे, ४० प्रश्नांची. लातूरच्या मुलांना बहुपर्यायी प्रश्नांची भीती कुणी सांगायची! इंग्रजी वाचता येत असेल तर एका संध्याकाळी होईल. अमेरिकेतही हौशी उडवणाऱ्यांसाठी ‘ट्रस्ट’ नावाची मोफत चाचणी आहे आणि २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनची नोंदणी आहे, पाच डॉलरमध्ये तीन वर्षांसाठी. मर्यादा ४०० फुटांची. पण तिथली राष्ट्रीय उद्यानं २०१४ पासून ड्रोनला बंद आहेत. ग्रँड कॅन्यन, योसेमिटी अशी जी ठिकाणं आपण खास पाहायला जातो, नेमकी तीच. दंड पाच हजार डॉलरपर्यंत आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वॉशिंग्टन शहराभोवती १५ मैलांच्या वर्तुळात हौशी ड्रोन चालतच नाही. कॅनडात २५० ग्रॅमपासूनच्या वजनाच्या ड्रोनची साधी नोंदणी नागरिकांना आणि तिथे कायम राहणाऱ्यांना मिळते. पाहुण्याला आधी विशेष उड्डाण प्रमाणपत्र मागावं लागतं. तिथे मात्र २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन खरोखरच सोयीचा आहे.

हे सगळे आकडे आज वाचून उद्या विसंबू नका. नियम रातोरात बदलतात. कंबोडियाशी सीमेवर चकमकी झाल्या आणि थायलंडने ३० जुलै २०२५ पासून देशभर ड्रोन उड्डाण बंद केलं. नंतर ते टप्प्याटप्प्याने सैल केलं. त्या आठवड्यात फुकेतला पोचलेल्या माणसाकडे महिन्याभरापूर्वीचा व्हिडिओ पाहून केलेली तयारी होती, तिचा काय उपयोग? थायलंडमध्ये एरवीही विमान प्राधिकरणाकडे आणि दूरसंचार आयोगाकडे अशी दोन ठिकाणी नोंदणी लागते, दहा लाख बाहतचा विमा लागतो, आणि चुकलं तर ४० हजार बाहतपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद. म्हणून त्या देशाच्या नागरी विमान प्राधिकरणाचं अधिकृत संकेतस्थळ दोनदा पाहा, तिकीट काढताना आणि निघायच्या आदल्या आठवड्यात. शंका उरली तर त्या देशाच्या दूतावासाला ईमेल करा आणि उत्तराची छापील प्रत बरोबर ठेवा.

ड्रोनच्या अॅपवर मुळीच विसंबू नका. पूर्वी विमानतळाजवळ ड्रोन उठतच नसे, अॅप अडवत असे. आता सर्वांत मोठ्या उत्पादक कंपनीने २०२४ मध्ये युरोपात आणि २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेत हे कुलूप काढून नुसती सूचना ठेवली आहे. ड्रोन उठला म्हणजे कायद्याने परवानगी दिली, असं राहिलेलं नाही.

हा परिच्छेद पैसे घेऊन काम करणाऱ्यांसाठी. पाहुणा म्हणून व्हिसा घेतला आणि तिथे मोबदल्याचं शूटिंग केलं, तर ड्रोनचा नियम पाळूनही व्हिसाचा नियम मोडतो. नवरानवरी दोघं लातूरची, पैसे लातुरातच दिले, मग ते काम तिकडचं कसं, असं तुम्ही म्हणाल. पण काम जिथे होतं, तिथला कायदा लागतो. अमेरिकेत धंद्यासाठी उडवायला पूर्ण वेगळं प्रमाणपत्र लागतं, त्याला ‘पार्ट १०७’ म्हणतात. युरोपात हौस आणि धंदा असा भेद ड्रोनच्या नियमात नाही, धोका किती यावर सगळं ठरतं. पण व्हिसाचा भेद तिथेही आहेच. मला यातला सरळ मार्ग एकच दिसतो. तिथल्याच नोंदणीकृत ड्रोनचालकाला एका दिवसासाठी ठरवा आणि त्याचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा दाखवा. ग्राहकाला आधीच सांगा की वरून घेतलेले शॉट तिथला माणूस घेईल. नफा थोडा कमी होईल, पण लग्नाच्या ऐन हंगामात तुमचा कॅमेरामन परक्या पोलीस ठाण्यात बसलेला नसेल.

आता विमानतळ. आपल्यापैकी बरेच जण हैदराबादहून किंवा मुंबईहून उडतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत टाकायच्या नसतात, त्या हातातल्या बॅगेतच हव्यात. बॅटरीवर वॉट-अवर छापलेले असतात. नसतील तर व्होल्ट आणि अॅम्पिअर-अवर यांचा गुणाकार करा: १५.४ व्होल्ट, ५००० मिलिअॅम्पिअर-अवर म्हणजे ५ गुणिले १५.४, ७७ वॉट-अवर. शंभरपर्यंत अडचण नाही. १०० ते १६० मधल्या दोनच सुट्या बॅटऱ्या, त्याही विमान कंपनीच्या संमतीने. १६० च्या वर नेता येत नाही. मिनी ड्रोनची बॅटरी १९-२० च्या आसपास असते, तिची काळजी नाही. प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत, धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावून. फवारणीच्या ड्रोनच्या बॅटऱ्या या मर्यादेच्या कितीतरी पुढच्या असतात, तो विषय प्रवासी सामानाचा नाहीच.

बॅटरीपेक्षा मोठी गोष्ट कस्टमची. ९ फेब्रुवारी २०२२ पासून भारतात परदेशी तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. सुट्या भागांना मोकळीक आहे; संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठी अपवाद आहेत; तुमच्या-माझ्यासाठी नाहीत. म्हणजे दुबईत स्वस्त मिळाला, सिंगापूरच्या विमानतळावर सवलत होती, मावशीच्या मुलाने अमेरिकेतून भेट दिला, यातलं काहीही हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावर उतरल्यावर चालत नाही. ‘शुल्क भरू’ म्हणूनही सुटत नाही, कारण ती वस्तू आणायलाच मनाई आहे. कस्टमच्या घोषणापत्रात ड्रोनचा वेगळा उल्लेख असतो, आणि तिथे ‘नाही’ लिहून हिरव्या वाटेने (ग्रीन चॅनलने) जाणं म्हणजे वस्तूबरोबर स्वतःलाही गोत्यात आणणं.

यातून पुढचा प्रश्न येतो: इथूनच नेलेला स्वतःचा ड्रोन परत आणताना तो तिकडे घेतलेला नाही, हे सिद्ध कसं करणार? त्यासाठी जाताना, बॅग चेक-इनला देण्याआधी, विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्याकडून ‘एक्स्पोर्ट सर्टिफिकेट’ करून घ्या. ड्रोन दाखवा, त्याचा अनुक्रमांक लिहवून घ्या, इथल्या खरेदीचं बिल आणि नोंदणी क्रमांकाची प्रत जोडा. यासाठी तासभर लवकर पोचा. आणि ज्या ड्रोनचं बिलच नाही, जो कुणाकडून तरी हातोहात आलेला आहे, तो घेऊन विमानतळाची पायरी चढू नका. आपल्या बाजारात असे ड्रोन बरेच आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कस्टमलाही ठाऊक आहे.

वाटेत दुसऱ्या देशात विमान बदलायचं असेल, तर बॅग थेट शेवटच्या मुक्कामी जाते ना, हे काउंटरवर विचारून घ्या. मध्येच बॅग घेऊन बाहेर पडावं लागलं, तर मधल्या देशाचा कायदाही तुम्हाला लागू होतो. कुठे अडवलंच, तर वाद घालू नका, चित्रण पुसून टाकू नका. ड्रोन ठेवून घेतला तर पावती मागा. अटक झालीच, तर भारतीय दूतावासाला कळवा असं स्पष्ट सांगा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने तुम्हाला तो हक्क दिलेला आहे. घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी. दूतावासाचा क्रमांक घरी लिहून ठेवून जा.

शेवटी नांदेडकरांसाठी उलट्या दिशेची एक गोष्ट. दसऱ्याला, होला महल्ल्याला तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनाला ब्रिटनहून, कॅनडाहून संगत येते. त्यातल्या तरुणांना नगर कीर्तनाचं वरून चित्रण करायची इच्छा असते, आणि ते ड्रोन घेऊन निघतात. तुमच्याकडे असे पाहुणे येणार असतील, तर तिकीट काढतानाच त्यांना फोनवर आयातबंदी सांगा. तरीही कुणी घेऊन आलाच, तर त्याने लाल वाटेने (रेड चॅनलने) जाऊन ड्रोन स्वतः जाहीर करावा आणि सीमाशुल्क कायद्याच्या कलम ८० खाली तो ठेवून घेण्याची विनंती करावी. खरी घोषणा केलेली असेल, तर अधिकारी वस्तू ताब्यात ठेवून परतीच्या वेळी देऊ शकतात. मात्र ज्या विमानतळावर ठेवला, तिथूनच परत जाणं सोयीचं. हैदराबादला ठेवून दिल्लीहून परत जायचं तिकीट काढलेलं असेल, तर ते आधीच बदलून घ्यायला सांगा.